सही करण्याआधी जामीनपत्र वाचायचं कसं

सांगलीत एकतीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात होतो. त्यातली बरीचशी जामीनपत्रावर पेन्सिलीने फुल्या मारण्यात गेली. इथे सही, इथे सही, मागच्या पानावर पण. फुलीच्या वरचा मजकूर कुणी वाचत नसे, आणि कुणी वाचत बसावं अशी आमचीही इच्छा नसे. आता निवृत्त झालोय, म्हणून सांगतो.

‘साहेब, कंपनी प्रायव्हेट लिमिटेड केलीय, आता घरावर काही येत नाही ना?’ हा ठरलेला प्रश्न. नुसतं कंपनीचं कर्ज असेल तर येत नाही. पण संचालक म्हणून वैयक्तिक जामीन दिलात की मधली भिंत तुम्हीच पाडलीत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. बँकेने आधी कंपनीकडून वसुलीचा प्रयत्न करून मगच तुमच्याकडे यावं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ सालीच सांगून ठेवलंय. (एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर हा प्रश्नच उरत नाही; तिथे धंदा आणि तुम्ही एकच.)

पण त्याच कलमात ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’ अशी एक ओळ आहे. तुमची सगळी घासाघीस त्या ओळीच्या जोरावर करायची. आणि ती सहीच्या दिवशी नाही, मंजुरीपत्र निघण्याआधी. छापील जामीनपत्रातला शब्द बदलायचा अधिकार शाखाधिकाऱ्याला नसतो, पण मंजुरीपत्रात खास अट घालून घेता येते.

पहिली मागणी रकमेची. जामीनपत्रात ‘आज असलेली व पुढे होणारी सर्व देणी’ असे शब्द दिसले की थांबा. ‘अमुक लाख आणि त्यावरचं व्याज-खर्च, त्यापुढे नाही’ असं लिहून मागा. दुसरी, मर्यादा वाढवण्याची. जामीनदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांतून तो सुटतो, असं कलम १३३ म्हणतं. पण छापील पत्रात बहुधा तुम्ही हा हक्क आधीच सोडून दिलेला असतो. म्हणून सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) मर्यादा वाढवताना दर वेळी माझी लेखी संमती, ही अट घालून घ्या.

तिसरी, घरच्यांची. बायको, वडील, मेहुणा यांना जामीनदार करण्याआधी विचारा, ‘हे कर्ज सीजीटीएमएसईत बसतं का?’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीची ही हमी योजना एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत गेलीय, आणि तिच्या हमीखाली असलेल्या कर्जाला तिऱ्हाइताचा जामीन घेता येत नाही. तुमचा स्वतःचा मात्र घेतात. आणि गैरसमज नको: ती हमी बँकेला असते, तुम्हाला नाही. योजना चालवणाऱ्या ट्रस्टने बँकेला पैसे दिले तरी तुमच्याकडची वसुली थांबत नाही.

आता कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्याचं ऐका. भागीदाराशी पटेना म्हणून त्याने संचालकपदाचा राजीनामा दिला, सीएने फॉर्म भरला, पेढे वाटले. बँकेला कुणी कळवलंच नाही. तीन वर्षांनी कंपनीचं खातं एनपीए, म्हणजे थकीत झालं आणि नोटीस याच्या दारात. संचालकपद गेलं म्हणून जामीन जात नाही. बाहेर पडताना कलम १३० प्रमाणे बँकेला लेखी नोटीस द्या. मात्र पत्रात हाही हक्क सोडलेला नाही ना, ते आधी बघा. शिवाय ही नोटीस पुढच्या व्यवहारांपुरतीच असते. मागची बाकी तुमच्या डोक्यावर राहतेच. म्हणून त्या दिवशी खातं थांबवून येणं किती ते लिहून घ्या, आणि तुमच्या जागी दुसरा जामीनदार घेऊन बँकेने मुक्ततेचं पत्र दिल्याशिवाय पेढे आणू नका.

पतसंस्थेचं कर्ज असेल तर गणित वेगळं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि जामीनदाराच्या सातबाऱ्यावर बोजा चढायला वेळ लागत नाही. शेतजमिनीला सरफेसी (गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याचा बँकेला अधिकार देणारा कायदा) लागत नाही हे ऐकून निर्धास्त राहिलेले लोक इथे फसतात.

नोटीस आल्यावर घर बायकोच्या नावावर करायला धावू नका. धनको बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण कोर्टात रद्द होऊ शकतं. पीपीएफमधल्या पैशावर कोर्टाची जप्ती येत नाही. तो मार्ग सुस्थितीत असतानाच धरायचा. घर गहाण असेल आणि सरफेसीची नोटीस आली, तर पैसे भरायला ६० दिवस असतात. हरकत लेखी द्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची कारवाई झाली की कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस.

कर्ज फिटलं की मूळ कागद लेखी मागून परत घ्या. घरकर्जासारख्या वैयक्तिक कर्जात ते ३० दिवसांत मिळायला हवेत, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे; पण तो धंद्याच्या कर्जासाठी नाही. कागदांबरोबर जामीन संपल्याचं पत्र घ्या आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिल काढून बघा.

आणि जामीनपत्राची झेरॉक्स सहीच्या दिवशीच मागा. दुसऱ्या दिवशी फाईल मुख्य कचेरीला गेलेली असते.