पेन ड्राइव्हला पासवर्डचे कुलूप
लोकलच्या गर्दीत पेन ड्राइव्ह पडला, तर त्यातील आधार, पॅन आणि बँकेची कागदपत्रे कोणाच्याही हाती लागू शकतात; म्हणून तो आधीच कूटबद्ध करावा, म्हणजे पासवर्डशिवाय त्यातील माहिती वाचता येणार नाही. विंडोज ११ प्रो असलेल्या संगणकाला तो जोडून, त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘टर्न ऑन बिटलॉकर’ (विंडोजमधलीच कूटबद्ध करण्याची सोय) निवडावे आणि लांब पासवर्ड द्यावा. पासवर्ड विसरल्यास ड्राइव्ह उघडण्यासाठी मिळणारी ४८ अंकी रिकव्हरी की छापून घरी जपून ठेवावी, कारण पासवर्ड आणि की दोन्ही गमावल्यास माहिती परत मिळत नाही. ड्राइव्ह वापरलेला असल्यास तो संपूर्ण कूटबद्ध करण्याचाच पर्याय घ्यावा. पुसलेल्या फायलींचे अवशेष त्यात राहतात, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. झेरॉक्सच्या दुकानात मात्र हा ड्राइव्ह उघडूच नये. एकदा पासवर्ड दिला की त्या संगणकाला सर्व फायली वाचता येतात, म्हणून छापायची तेवढीच फाइल वेगळ्या ड्राइव्हवर न्यावी.