हात थरथरतात, तरी गोधडी शिवायचीय? मी कशी शिवते ते सांगते

मे महिना आला की आमच्या देवगडात पावसाआधीची घाई असते, आंबा उतरवायचा, लाकडं आत भरायची आणि जुनी लुगडी काढून पडवीत गोधडी शिवायला घ्यायची. माझे दोन्ही हात गेली काही वर्षं थरथरतात, कप धरताना, सही करताना, आणि सुई धरली की सगळ्यात जास्त. डॉक्टरांनी इसेन्शिअल ट्रेमर सांगितलं. हा कंप हात कामाला लागला की वाढतो आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतो, माझ्या आईचे हातपण असेच होते. पार्किन्सनचा कंप बहुतेक वेळा उलटा, हात मांडीवर नुसता पडलेला असताना जास्त दिसतो. शिवाय थायरॉईड वाढल्यानं, दम्याच्या पंपानं, आणखी काही औषधांनीही हात कापतात, म्हणून आधी दाखवून घ्या. एकाच बाजूचा हात थरथरत असेल, हालचाल मंदावली असेल, अक्षर बारीक व्हायला लागलं असेल तर उशीर करूच नका. आणि गोळ्या आपल्या मनानं कमीजास्त करू नका.

मी एक वर्ष सुईला हातच लावला नव्हता. मग आमची मोठी जाऊ म्हणाली, "हात थरथरतत तर थरथरांदेत, वाकळ खंय पळान जाता?" तिनं मला हाताला धरून खाली बसवलं आणि तिथेच मला कळलं की गोधडी आपल्या बायका जमिनीवर पसरून शिवतात ते थरथरणाऱ्या हाताला किती सोयीचं आहे.

सगळा खेळ टेकूचा आहे. हात खांद्यापासून अधांतरी राहिला की सगळी थरथर बोटांच्या टोकाला येते. म्हणून गोधडी जमिनीवर सपाट पसरा, डावा तळवा कापडावर दाबून ठेवा, आणि उजवा हात कोपरापासून करंगळीपर्यंत पूर्ण टेकवा, मोकळा फक्त अंगठा आणि दोन बोटं. गुडघे दुखत असतील तर जेवणाचं टेबल घ्या पण कोपर टेकलं पाहिजे, नाहीतर खाली घट्ट उशी घ्या. आता सुई पुढे ढकलायची नाही, सुई तशीच धरून ठेवायची आणि डाव्या हातानं कापड तिच्यावर चढवायचं, तीन-चार टाके सुईवर बसले की मग ओढायचं. ओढताना अख्खा हात हलला तरी काही बिघडत नाही कारण तोवर टाका पडून गेलेला असतो. सुई पकडायला बोटात रबरी टोपी घाला, नोटा मोजताना कॅशियर घालतात ना ती, सुई अजिबात सटकत नाही.

सुई जाड आणि लांब घ्या. हाताच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मशीनच्या सुयांचं बरोबर उलटं, तिथे १६ किंवा १८ म्हणजे जाड. दुकानात हे नक्की सांगा, नाहीतर नेमकी बारीक सुई हातात येते.

ओवणं हे सगळ्यात त्रासाचं काम, त्यावर मी हे करते. अंगाच्या साबणाच्या वडीत सुई उभी खोचते, दोन्ही मनगटं टेबलावर टेकवते, दोरा तिरका कापून टोक ओलं करते आणि तारेची ओवणी आधी नेढ्यातून घालते. एकदा ओवायला बसलं की आठ-दहा सुया एकाच रिळाच्या दोऱ्यात एकामागोमाग ओवून ठेवायच्या, रिळ कापायचंच नाही, लागेल तशी पुढची सुई हातभर दोरा घेऊन ओढायची आणि कापायची, बाकीच्या मागे सरकवायच्या. नातवंड शाळेतून आलं की त्याच्याकडूनच ओवून घ्या, त्यांना आवडतं. दोरा मेणावरून एकदा ओढला तर गुंता कमी होतो.

कात्रीशी झगडू नका. सुती लुगडं असेल तर काठाला एक कातर द्या आणि सरळ फाडा, उभ्या-आडव्या धाग्यानं इतकं नीट फाटतं की कात्रीनं कापूनही तसं होत नाही. नायलॉनचं मात्र असं फाटत नाही. गोल पात्याचा कटर मी वापरत नाही, थरथरत्या हातात त्याची भीती वाटते.

टाचण्यांऐवजी कडांना कपड्यांचे चिमटे लावा. वरच्या ठिगळांसाठी मी पेज वापरते, वरचं पातळ पाणी नाही, खालची दाट, गाळून घेतलेली. ठिगळाच्या मागे कडेकडेनं बोटानं लावायची, जागेवर ठेवायचं, वरून इस्त्री फिरवायची, ठिगळ शिवून होईपर्यंत हलत नाही. पण गोधडी झाली की लगेच धुवून कडक उन्हात वाळवायची, आपल्या दमट हवेत पेज राहिली तर बुरशी आलीच.

टाके मोठे पडले, वाकडे पडले तर उसवू नका. गोधडीची ऊब थरांमध्ये अडकलेल्या हवेची असते, टाक्यांनी थर एकमेकांना धरून ठेवले की झालं. ओळ हवीच असेल तर साबणाच्या चिपटीनं आखा, नाहीतर चौकड्याचं लुगडं वरती घ्या आणि रेघेवरून जा.

मशीनवर दोन्ही तळवे कापडावर सपाट ठेवायचे, वेग सगळ्यात कमी. पायही थरथरत असेल तर बटणानं चालू-बंद होणारं मशीन बघा. मनगटाला वजनाचा पट्टा बांधून काहींना बरं वाटतं, मला त्याचा फक्त शीण आला, तुम्ही करून बघा.

वेळ सकाळची घ्या, चहाच्या आधी, कारण चहा-कॉफीनं थरथर वाढू शकते. पार्किन्सनची गोळी चालू असेल तर ती लागू पडल्यावर बसा. वीस मिनिटं झाली की उठायचं, मनात अजून एक ओळ असली तरी, दमलेला हात जास्त कापतो.

आणि सुया मोजा. बसताना किती घेतल्या, उठताना किती आहेत. एकदा माझ्या हातातून सुटलेली सुई गोधडीतच राहिली आणि धाकटी नात त्यावर झोपणार होती, थरांवरून तळवा दाबत फिरवला तेव्हा टोचली आणि सापडली. तेव्हापासून बिघडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक जवळ असतं, उठण्याआधी सगळ्या गोधडीवरून फिरवते, मग सुया खोबरेल लावलेल्या फडक्यात गुंडाळून डब्यात, नाहीतर इथल्या खाऱ्या वाऱ्यानं चार दिवसांत गंजतात.