पैलवानाचा खुराक ग्रॅममध्ये: तालमीत २४ तासांच्या आहाराची नोंद कशी घ्यायची

तालमीत जाऊन "खुराक काय घेतोस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: दूध, तूप, बदाम, मटण. पोरगं खोटं बोलत नसतं. पण हे खुराकाचं वर्णन झालं, कालच्या ताटाचं नव्हे. सल्ला द्यायचा असो की अभ्यास करायचा असो, हाताशी ग्रॅम हवेत. ते मिळवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे २४ तासांची आठवण: काल पहाटे उठल्यापासून आज पहाटे उठेपर्यंत पोटात काय काय गेलं, ते ओळीने विचारून लिहिणं. पद्धत सोपी दिसते आणि बहुतेक वेळा फसते. दोष अन्नघटकांच्या कोष्टकात नसतो, वाटीत असतो.

आधी भांडी मोजा, मग माणसं

सोबत न्यायचं सामान थोडं आहे. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा ५ किलोचा डिजिटल काटा, ५०० मिलीचं मापपात्र, वही, पेन्सिल. काटा रोज तपासा: १ लिटर पाणी १ किलो भरायला हवं.

पहिला दिवस फक्त स्वयंपाकघरासाठी ठेवा. पोरं ज्या वाट्या, पेले, तांबे आणि डाव वापरतात तेच घ्या, पाण्याने काठोकाठ भरून वजन करा आणि प्रत्येकावर खडूने नंबर टाका. आमटीची वाटी ८० मिलीची असते तशी २०० मिलीचीही असते. ‘दोन वाट्या आमटी’ हे उत्तर वाटी मोजल्याशिवाय निरुपयोगी आहे. आणि वाटी काठोकाठ कोणी भरत नाही. त्यामुळे पैलवानालाच "काल होती तेवढी भर" म्हणून त्यात पाणी ओतायला लावा आणि ते मोजा.

आता पदार्थ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांत ५२८ खाद्यपदार्थ आहेत, पण ते प्रामुख्याने कच्चे. ‘भाकरी’ किंवा ‘आमटी’ असा रकाना शोधत बसू नका. प्रत्येक शिजलेला पदार्थ कच्च्या ग्रॅमवर आणावा लागतो.

भाकरीसाठी पिठाचा डबा थापायला घेण्याआधी तोला आणि सगळ्या भाकरी झाल्यावर पुन्हा तोला. फरक म्हणजे एकूण पीठ. परातीत थापताना भुरभुरलेलं पीठही त्यात आपोआप येतं. समजा २ किलो ज्वारीच्या पिठाच्या २२ भाकरी झाल्या. एकीत ९१ ग्रॅम पीठ, म्हणजे साधारण ३०० किलोकॅलरी आणि ९ ग्रॅम प्रथिनं. तव्यावरून उतरलेली भाकरी तोलून हिशेब करू नका. त्यात पाणी किती राहिलं ते रोज बदलतं. एक खाचखळगा इथेच सांगून ठेवतो: या कोष्टकांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ज्वारीसमोर १३९८ दिसलं की ते ४.१८४ ने भागायचं, मग ३३४ किलोकॅलरी मिळतात. हे विसरल्यामुळे चौपट ऊर्जा दाखवणारे तक्ते दिसतात.

आमटीला तोच न्याय. ५०० ग्रॅम तूरडाळीची ४ लिटर आमटी झाली असेल, तर १५० मिलीच्या वाटीत डाळ जेमतेम १९ ग्रॅम आणि प्रथिनं ४ ग्रॅम. त्यातही डाव वरून फिरला की तळातून, यावर फरक पडतो. म्हणून पातेलं ढवळून वाढतात का, तेही लिहा. भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे कोरडे असतानाच तोलायचे. हरभरा भिजून जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो आणि ती वाढ निव्वळ पाण्याची असते. तेलाचा डबा सकाळी एकदा, रात्री एकदा तोला आणि जेवणाऱ्यांत भागा. तूप मात्र ज्याचं त्याला विचारा, कारण ते प्रत्येकाच्या स्वतःच्या बरणीतलं असतं. मटणाच्या दिवशी कच्चं वजन आणि फोडींची संख्या लिहा, आणि ताटात उरलेली हाडं तोलून वजा करा. पांढऱ्या रश्श्याला ‘नुसतं पाणी’ समजू नका. त्यात नारळाचं दूध, काजू, खसखस असते.

थंडाई आणि धारोष्ण दूध

या दोन गोष्टींवर जरा थांबायला हवं, कारण कोल्हापूरकडच्या तालमींत दिवसाचा मोठा वाटा इथूनच येतो आणि सर्वांत मोठ्या चुकाही इथेच होतात.

बदाम मोजून सांगतात हे आपलं भाग्य. २० कोरडे बदाम काट्यावर ठेवा. २४ ग्रॅम भरले, तर ५० बदाम म्हणजे ६० ग्रॅम: सुमारे ३६५ किलोकॅलरी, ११ ग्रॅम प्रथिनं. पण कुंडीत घोटल्यावर थंडाई फडक्यातून गाळतात आणि फडक्यात चोथा राहतो. तो टाकला, कोणी खाल्ला, की पुन्हा घोटला, हे विचारल्याशिवाय सगळे बदाम पोटात गेले असं धरू नका. टाकला असेल तर चोथा वाळवून तोला आणि वजा करा. हा हिशेब ढोबळ आहे, कारण चोथ्यात तेलापेक्षा तंतू जास्त राहतो. तरी काहीच वजा न करण्यापेक्षा बरा. एका कुंडीतून तिघे प्यायले असतील तर कोणाचा पेला केवढा, तेही घ्या.

दुधाची गंमत वेगळी. समोर पिळलेल्या दुधाचा पेला काठापर्यंत भरलेला दिसतो आणि वरचा बराचसा भाग फेस असतो. पेल्याच्या मापाने लिहिलंत तर दूध फुगतं. असाच एक पेला घेऊन फेस बसेपर्यंत ठेवा, उरलेलं दूध मापपात्रात ओता आणि तोच आकडा त्या पेल्यासाठी वापरा. म्हशीचं की गायीचं हे न विसरता लिहा: १०० मिलीला साधारण १०७ आणि ७३ किलोकॅलरी, एवढं अंतर आहे. दुकानातून आणलेल्या दुधात पाणी किती, हे इथे कळणार नाही. फक्त कुठून आणलं ते नोंदवा.

विचारायचं कसं

एकेकट्याला विचारा. वस्ताद किंवा जोडीदार ऐकत असताना आकडे वाढतात, कारण तालमीत खुराक हा मानाचा विषय आहे. शहरी पाहणीत लोक खाल्लेलं लपवतात, इथे न खाल्लेलंही सांगून टाकतात.

पाच फेऱ्या घ्या. पहिल्या फेरीत त्याला अजिबात न टोकता कालची यादी सांगू द्या. दुसऱ्या फेरीत हमखास विसरणाऱ्या गोष्टी: चहा आणि त्यातली साखर, केळं, गूळ-शेंगदाणे, उसाचा रस, येता-जाता खाल्लेला वडापाव, प्रथिनांची पावडर. तिसऱ्यात वेळ आणि ठिकाण, जोर-बैठकांच्या आधी की नंतर. चौथ्यात माप, नंबर टाकलेली भांडी समोर ठेवून. पाचव्यात सगळं वाचून दाखवा आणि "अजून काही?" एवढंच विचारा.

"नाश्त्याला काय खाल्लंस?" असं विचारलं की नाश्ता न केलेला मुलगाही काहीतरी सांगतो. "उठल्यावर सगळ्यात आधी तोंडात काय गेलं?" असं विचारा. "दूध किती लिटर?" यातही उत्तर दडलेलं असतं. उत्तर ऐकून मान हलवणं, ‘वा’ म्हणणं टाळा. पावडरचा डबा बघायला मागा आणि लेबल, बॅच नंबर, चमचा यांचा फोटो काढा; उत्तेजक चाचणीला सामोरं जाणाऱ्या मुलासाठी ही नोंद पुढे कामाला येऊ शकते.

दिवस निवडताना एकाला लागून दुसरा नको. निदान दोन दिवस, त्यातला एक विश्रांतीचा. उपवासाचा वार आणि मटणाचा वार कोणता, हे आधी विचारून ठेवा, म्हणजे सगळ्यांची नोंद एकाच वाराला पडणार नाही. वजन उतरवायचे दिवस वेगळे लिहा. ते नेहमीच्या आहारात मिसळू नका. तालमीची एकत्रित सरासरी काढायला माणशी एक दिवस पुरतो, पण ‘किती मुलांना कमी पडतं’ हे सांगायचं असेल तर दुसरा दिवस लागतोच. मुलं १८ वर्षांखालची असतील तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि वहीत नावाऐवजी क्रमांक.

आकडा खरा वाटतो का?

७० किलोचा विशीतला पैलवान घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१० च्या सूत्राने १८ ते ३० वयाच्या पुरुषाचा मूलभूत चयापचय (नुसतं पडून राहिलं तरी शरीर दिवसाला खर्च करतं ती ऊर्जा) वजन × १४.५ + ६४५, म्हणजे इथे १६६० किलोकॅलरी. त्याच्या १.३५ पट म्हणजे सुमारे २२४० ही बैठं काम करणाऱ्यालाही जेमतेम पुरणारी पातळी. दोन वेळ कसून मेहनत करणाऱ्याच्या नोंदीत २००० आले आणि महिनाभर वजन जागचं हललेलं नाही, तर काहीतरी निसटलं आहे. ५५०० आले आणि वजन वाढत नाही, तर पेल्यातला फेस आठवा. म्हणून दर आठवड्याला, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, लंगोटावर वजन घ्या. तीच तुमच्या वहीची उलटतपासणी.

प्रथिनांसाठी खेळाडूंना रोज दर किलो वजनामागे १.२ ते २ ग्रॅम ही मान्य मर्यादा आहे. ७० किलोला ८४ ते १४०. सामान्य माणसासाठी भारतीय शिफारस ०.८३ आहे, ती इथे लावू नका. रोज १ ते ३ तास मेहनत असेल तर कर्बोदकं दर किलोला ६ ते १० ग्रॅम. तूप-बदामांच्या कौतुकात बघायची राहून जाते ती हीच बाजू: भाकरी आणि भात किती.

मुलांना आहाराबद्दल किती कळतं हे तपासणारी प्रश्नावली असेल तर ती दुसऱ्या नोंदीनंतर द्या, आधी कधीच नाही. आधी दिलीत की मुलगा ‘बरोबर’ उत्तरं शिकतो आणि आठवणीत तीच ओततो. प्रश्नही त्याच्या ताटातलेच हवेत. ‘प्रथिनांचे स्रोत सांगा’ याला सगळे पास होतात. त्याऐवजी मोजलेल्या वाटीत तालमीची आमटी आणि शेजारी एक उकडलेलं अंडं ठेवा आणि प्रथिनं कशात जास्त ते विचारा. अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम, वाटीत चार. उत्तर लिहून घ्या आणि त्याच पानावर त्याने काल किती अंडी, किती वाट्या घेतल्या तेही लिहा.