कोअर रिकामे, तरी कर्सर गोल फिरतोय? डिझाइन सॉफ्टवेअर वापरताना या चुका टाळा

नवीन, दणकट मशिन आहे. मॉडेलमधला एक फिलेट (कडेची गोलाई) ३ चा ४ मिलिमीटर केला आणि कर्सर अर्धा मिनिट गोल फिरत बसला. टास्क मॅनेजर उघडून पाहावं, तर सीपीयू ६-७ टक्के आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास झोपलेलं. चिडचिड होणारच. पण संगणकाचा नको तो पार्ट विकत घेतला जातो तोही नेमका याच चिडीत.

सीपीयूचा आकडा चुकीचा वाचणं

१६ थ्रेडच्या, म्हणजे एका वेळी कामाचे १६ धागे चालवणाऱ्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण ताणला गेला, तर एकूण वापर दिसतो १०० भागिले १६, म्हणजे सव्वासहा टक्के. टर्बो म्हणजे तात्पुरत्या वाढीव वेगामुळे तो थोडा वरही दिसतो. आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर निवडले तरी फसगत होते. विंडोज तेच काम या कोअरवरून (प्रोसेसरमधल्या गणनेच्या एका घटकावरून) त्या कोअरवर हलवत राहतं, त्यामुळे कुठलाच आलेख १०० ला टेकत नाही. म्हणून सरळ भागाकार करा. वापर त्या आकड्याच्या आसपास अडकून बसला असेल, तर घोडं एका थ्रेडपाशी अडलंय.

याचं मूळ फीचर ट्रीमध्ये, म्हणजे मॉडेल घडवण्याच्या पायऱ्यांच्या यादीत आहे. आधी स्केच, मग एक्स्ट्रूड (स्केचला जाडी देणं), मग भोक, मग त्या भोकाच्या कडेवर फिलेट. भोक तयार झाल्याशिवाय त्याची कडच अस्तित्वात नसते, मग दुसऱ्या कोअरला काम देणार तरी कुठलं? संगणक अभियंते अ‍ॅमडाल यांचा १९६७ चा नियम हेच सांगतो: निम्मं काम जरी क्रमानेच करावं लागत असेल, तरी कितीही कोअर लावा, वेग दुपटीपलीकडे जात नाही. अर्थात सगळं खापर गणितावर फोडून सॉफ्टवेअरवाल्यांना मोकळं सोडायचं कारण नाही. असेंब्लीतले एकमेकांवर अवलंबून नसलेले पार्ट समांतर मोजता येतात. पण पॅरासॉलिड आणि एसिस हे सॉफ्टवेअरच्या आत आकार मोजणारे भूमितीचे गाभे १९८० च्या दशकाच्या अखेरचे, एका कोअरच्या जमान्यातले आहेत. तो पाया बदलणं सोपं नाही.

मॉडेलिंगसाठी जास्त कोअर घेणं

रेंडरिंगला ३२ कोअर कामाला येतात, कारण चित्राचा प्रत्येक तुकडा वेगळा मोजता येतो. रिबिल्डला (बदलानंतर मॉडेल पुन्हा मोजायला) मात्र एका कोअरचा वेग लागतो. दिवसभर मॉडेलिंगच असेल, तर चढ्या टर्बो वेगाचे ८ कोअर संथ ३२ पेक्षा बरे.

खरी बचत मॉडेलमध्येच आहे. सॉलिडवर्क्समध्ये इव्हॅल्युएट टॅबवरचं परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन चालवा. कोणतं फीचर किती सेकंद खातं ते तिथे ओळीने दिसतं. बहुतेकदा गुन्हेगार ठरतात ते बोल्टवर खरोखर कोरलेले आटे. तिथे कॉस्मेटिक थ्रेड (आट्यांची नुसती खूण) पुरतो. दिखाऊ फिलेट ट्रीच्या शेवटी ठेवा आणि काम चालू असताना सप्रेस (तात्पुरते बंद) करा. ऑटोकॅडची फाइल जड झाली असेल, तर कॉपी ठेवून ऑडिट (चुका दुरुस्त करणं), ओव्हरकिल (दुहेरी रेषा काढणं) आणि पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणं) या कमांड त्याच क्रमाने द्या.

ग्राफिक्स कार्ड आहे म्हणजे वापरात आहे, असं धरणं

आधी वायर बघा. मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल, तर चित्र बहुधा आतल्या साध्या ग्राफिक्सवरच चालतंय. ती कार्डाच्या पोर्टमध्ये लावा. लॅपटॉपवर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जाऊन त्या सॉफ्टवेअरसाठी हाय परफॉर्मन्स निवडा.

सॉलिडवर्क्समध्ये सिस्टिम ऑप्शन्स, परफॉर्मन्सखाली ‘यूज सॉफ्टवेअर ओपनजीएल’वर टिक असेल, तर चित्र काढायचा भारही सीपीयूवर पडतो. फाइल उघडी असताना ही टिक बदलत नाही, सगळ्या फाइल बंद करा. तरीही ती करडीच राहिली, तर कार्ड किंवा ड्रायव्हर सॉफ्टवेअरला चालत नाही असं समजा आणि प्रमाणित ड्रायव्हर टाका. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) दोन ठिकाणी निवडावा लागतो: प्रेफरन्सेसच्या सिस्टिममध्ये आणि रेंडर प्रॉपर्टीजच्या डिव्हाइसमध्ये. दुसरं ठिकाण हमखास राहून जातं. शिवाय टास्क मॅनेजरच्या थ्रीडी आलेखात CUDA (एनव्हिडिया कार्डावर हिशेब चालवण्याची पद्धत) वापरून केलेलं काम धरलं जात नाही. म्हणजे कार्ड राबत असूनही रिकामं दिसू शकतं.

फोटोशॉपला सगळी रॅम देऊन टाकणं

मेमरीची मर्यादा मुळात ७० टक्के असते. ती १०० केली की विंडोजचाच श्वास कोंडतो आणि डिस्कवर अदलाबदल सुरू होते. ५-५ टक्क्यांनी वाढवा, ८५ च्या पुढे नको. खालच्या पट्टीत एफिशियन्सी दाखवायला सांगा. ती १०० टक्क्यांखाली गेली, की काम स्क्रॅच डिस्कवर (रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरच्या जागेत) उतरलं. तेव्हा हिस्टरी स्टेट्स (मागे जाता येणाऱ्या पायऱ्या) ५० वरून २० वर आणा आणि स्क्रॅच विंडोजच्या ड्राइव्हऐवजी वेगळ्या, वेगवान एसएसडीवर न्या.

रॅम लावून विसरून जाणं

१६ जीबीची एकच पट्टी असेल, तर मेमरी एकाच चॅनेलवर चालते. ८-८ च्या दोन घ्या. चार स्लॉटच्या बोर्डवर त्या बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसतात, मॅन्युअल पाहून खात्री करा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) बंद असेल, तर ३२०० ची डीडीआर४ रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६ वरच रेंगाळते. एक्सएमपी चालू केल्यावर मशिन सुरूच झालं नाही, तर सीमॉस रीसेट करा (बायोसच्या सेटिंग्ज मूळ स्थितीला आणा), पट्ट्या नीट दाबून बसवा आणि एक पायरी कमी वेग ठेवून पाहा.