‘फक्त काढायचंय, दहा मिनिटांचं काम’: जेल पॉलिश काढताना या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी हमखास फोन येतो. “ताई, नवीन काही करायचं नाहीये, फक्त जेल काढायचंय. येऊ का लगेच?” दोन अपॉइंटमेंटच्या मधल्या पंधरा मिनिटांत आपण तिला बसवतो आणि तिथेच घोळ होतो. डोंबिवलीत माझा दोन खुर्च्यांचा नेल स्टुडिओ आहे. माझ्याकडे जी बिघडलेली नखं येतात, ती बहुतेक काढताना बिघडलेली असतात, कारण त्या वेळी कुणाला तरी घाई होती. कधी ग्राहकाला, पण खरं सांगायचं तर बऱ्याचदा आपल्यालाच.

गेल्या डिसेंबरात एक ताई आल्या. बँकेत नोकरी, रोजचा लोकलचा प्रवास. तीन आठवड्यांचं मरून रंगाचं जेल कडेने सुटायला लागलं होतं. ते त्यांनी लेडीज डब्यात उभ्या उभ्या दुसऱ्या हाताच्या नखाने सोललं. “दादर येईपर्यंत आठ बोटं झाली,” त्या हसत म्हणाल्या. अंगठे तेवढे राहिले होते. त्या अंगठ्यांवरचं जेल मी अॅसिटोन या रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस आणि फॉइल गुंडाळून नीट काढलं आणि दहाही बोटं दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली. अंगठे गुळगुळीत, गुलाबी. बाकीची आठ नखं पांढरट आणि खरखरीत, बोट फिरवलं तर कापसाचा तंतू अडकेल अशी. मग मात्र त्या हसल्या नाहीत.

नख जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतं, आणि ते केराटिनच्या पापुद्र्यांचं बनलेलं असतं. जेल सगळ्यात वरच्या पापुद्र्याला धरून बसलेलं असतं. ओढलं की जेल एकटं येत नाही, तो पापुद्राही सोबत येतो. गेलेला पापुद्रा कुठलंही तेल किंवा सिरम परत आणत नाही. तो भाग वाढून पुढे जाईपर्यंत थांबावं लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. म्हणजे पूर्ण नख बदलायला ४ ते ६ महिने. हा आकडा ग्राहकाला आधीच सांगून ठेवा. नंतर सांगितला तर तो बहाणा वाटतो.

अॅसिटोन नेमकं काय करतं

साधी नेलपॉलिश आतला द्रव उडून वाळते, म्हणून रिमूव्हर लावला की परत पातळ होते. जेलचं तसं नाही. यूव्ही लॅम्पखाली त्याचे रेणू एकमेकांत गुंफून जाळी तयार होते आणि ही जाळी अॅसिटोनमध्ये विरघळत नाही. अॅसिटोन तिच्यात शिरतं, जेल फुगतं, सुरकुततं आणि नखावरची पकड सोडतं. भिजलेल्या भिंतीवरून रंगाची पोपडी सुटते ना, तसंच. मग अॅसिटोनला आत शिरायला वाट हवी, वेळ हवा आणि ते मधेच उडून जाता कामा नये. काढताना जे काही बिघडतं, ते बहुतेक या तिन्हींपैकी एकात कसूर झाल्यामुळे.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टॉप कोट न घासता थेट कापूस लावणं. चकचकीत टॉप कोट म्हणजे अॅसिटोनसाठी बंद दार. १८० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा) फाइलने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, कडा आणि क्युटिकलजवळची, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीजवळची, रेघ विसरू नका. रंग दिसत असतानाच थांबा, नख दिसायला लागलं म्हणजे तुम्ही पुढे गेलात. ग्लिटर आणि कॅट-आयचे (चुंबकाने चमकती रेघ आणलेल्या जेलचे) जाड थर असतील तर रंगाचाही थोडा भाग उतरवून घ्यावा, नाहीतर अर्धा तास बसूनही फक्त कडा सुटतात.

मग कापूस. अख्खं बोट गुंडाळणारा बोळा नको, नखाच्या मापाचा तुकडा पुरे. आधी आजूबाजूच्या त्वचेवर व्हॅसलिन किंवा क्युटिकल ऑइल लावा, पण नखाच्या वर ते जाऊ देऊ नका, तेलातून अॅसिटोन आत जात नाही. कापूस ओला असावा, ठिबकता नको. फॉइल घट्ट. सैल फॉइलमधून अॅसिटोन पाच मिनिटांत उडतं आणि आपण कोरड्या कापसाकडे घड्याळ लावून बसतो. वाटीत बोटं बुडवण्याची पद्धत मी सोडून दिली, त्यात सगळ्या बोटांची कातडी विनाकारण सुकते.

वेळ १० ते १५ मिनिटं. मी एका वेळी एकच बोट उघडून बघते. सगळी फॉइल एकदम काढली तर शेवटच्या बोटापर्यंत पोचेस्तोवर जेल परत कडक होतं. थर सुरकुतून वर आला असेल तर पुशर (थर सरकवायची चपटी पट्टी) आडवा ठेवून क्युटिकलकडून टोकाकडे हलकेच सरकवायचा. अडला की थांबायचं. पुन्हा ओला कापूस, पुन्हा पाच मिनिटं. “थोडंसंच राहिलंय” म्हणून जोर लावला की पापुद्रा गेलाच म्हणून समजा.

२० मिनिटांनंतरही काही हललं नाही तर?

आधी फॉइल आणि कापूस तपासा. एसीचा झोत थेट हातावर येतोय का बघा. थंडीत अॅसिटोन संथ चालतं, म्हणून फॉइल लावलेल्या हातांवर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवते. टॉवेल गरम करा, अॅसिटोनची बाटली कधीच नाही. एवढंही करून वरचा थर जसाच्या तसा असेल, सुरकुतीसुद्धा नाही, तर ते बहुधा सोक-ऑफ, म्हणजे भिजवून निघणारं, जेल नाहीच. हार्ड जेल भिजवून निघत नाही, ते फाइलनेच उतरवावं लागतं. अॅक्रिलिक (पावडर आणि द्रव मिसळून केलेला थर) निघतं, पण जास्त वेळ घेतं. ग्राहकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “जेलच आहे ना, लॅम्पमध्ये हात घातला होता.” म्हणून दुसरीकडे केलेलं काम हातात घेण्याआधी मी एका करंगळीवर प्रयोग करते आणि त्यानंतरच वेळ आणि पैसे सांगते.

ई-फाइलबद्दल, म्हणजे विजेवर फिरणाऱ्या ड्रिलबद्दल, माझं मत कडक आहे. वरचा थर उतरवायला ती उत्तम, पण नखालगतच्या बेस थरापर्यंत पोचल्यावर हात सावरता येत नसेल तर ती बाजूला ठेवावी. ग्राहक “गरम लागतंय” म्हणाली की थांबायचं, “जरासं सहन करा” हे वाक्य आपल्या तोंडी नको. क्युटिकलजवळ चंद्रकोरीसारखी लाल रेघ दिसली तर ती ड्रिलने पाडलेली खाच असते. ती नखाबरोबर पुढे सरकत राहते आणि महिनोन्‌महिने तुमची जाहिरात करते, उलटी. शिवाय धूळ. घासताना मास्क आणि धूळ ओढणारा पंखा दोन्ही हवेत.

देवासमोरची उदबत्ती

हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे दुकान उघडलं की कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात दिवा, गल्ल्याजवळ उदबत्ती. अॅसिटोनची वाफ शून्याच्या कितीतरी खाली, उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. माझ्याकडे पूजा आधी, दिवा विझल्यावरच अॅसिटोनचं झाकण उघडतं. वापरलेले बोळे झाकणाच्या डब्यात टाका, आणि खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवा. ग्राहकाचा चष्मा आणि प्लॅस्टिकच्या बांगड्याही दूर ठेवा, एका थेंबाने फ्रेमची चमक जाते.

ग्राहकाला काय सांगायचं

खरं बिघडतं ते इथे. रिमूव्हल फुकट किंवा वीस मिनिटांत करून देण्याची सवय आपणच लावली. मग पुशरवर जोर येतो, ड्रिल खोल जातं. मी आता फोनवरच सांगते: काढायला ४५ मिनिटं लागतील आणि त्याचे पैसे वेगळे. काही जणी नाराज होतात, एखादी येत नाही. चालतं.

पुढचा प्रश्न नेहमीचा: “जेलने नखं पातळ झाली हो.” कधी कधी हा भास असतो. तीन आठवडे जाड थराची सवय झालेली असते, तो गेला की स्वतःचं नखच कागदासारखं वाटतं. अॅसिटोनने कोरडी पडलेली पांढरट छटा तेल चोळल्यावर बऱ्याच अंशी जाते. पण तेलानंतरही पांढरे चट्टे राहिले आणि बोटाला खरखर लागली, तर पापुद्रा गेलाय, तसं स्पष्ट सांगावं. मी काम सुरू करण्याआधी दहा नखांचा फोटो काढते, भिजवल्यावर दुसरा. वाद घालायला नव्हे, तिलाही दिसावं म्हणून.

“नखांना श्वास घेऊ द्यायचाय, महिनाभर काही नको.” नख म्हणजे मृत केराटिन, ते श्वास घेत नाही. त्याच्या मुळाला जे लागतं ते रक्तातून मिळतं. पण पातळ झालेल्या नखाला विश्रांती द्यावी हे खरंच, कारण पुढचं रिमूव्हल ते सोसणार नाही.

“दीड महिना टिकलं, अजून मस्त आहे!” ही तक्रार नाही, कौतुक आहे, तरी मला धडकी भरते. दोन-तीन आठवड्यांनंतर कड सुटते, भांडी घासताना पाणी आत जातं आणि नख हिरवट दिसायला लागतं. ती बुरशी नसते. ओलाव्यात वाढणाऱ्या स्यूडोमोनास या जिवाणूचा तो रंग. त्यावर नवा कोट चढवू नका. हत्यारं निर्जंतुक करा आणि तिला डॉक्टरकडे पाठवा. नखाभोवती खाज, पुरळ, भेगा असतील तरीही तेच. ती अॅलर्जी असू शकते, बहुतेक वेळा जेलमधल्या हेमा नावाच्या घटकाची, आणि “दुसरा ब्रँड लावून बघू” हा त्यावर उपाय नाही. हेमा दातांच्या कामातल्या साहित्यातही असतं, त्यामुळे अशा ग्राहकाने डेंटिस्टलाही हे सांगायला हवं.

हल्ली आणखी एक विचारणा असते, जेलवर बंदी आली का? बंदी टीपीओ या, लॅम्पखाली जेल कडक व्हायला मदत करणाऱ्या, घटकावर आहे, युरोपियन युनियनमध्ये, १ सप्टेंबर २०२५ पासून. सगळ्या जेलवर नाही. बाटलीवरची यादी वाचून दाखवा, विषय संपतो.

गरोदर ग्राहकांना मी नववा महिना लागायच्या आधीच बोलावून जेल काढून देते. ऑपरेशन किंवा बाळंतपणाच्या वेळी बोटाला ऑक्सिमीटर लावतात, डॉक्टर नखाचा रंगही बघतात. एकदा रात्री साडेनऊला एका ग्राहकाच्या मिस्टरांचा फोन आला होता, सकाळी सातला सिझेरियन आणि दहाही बोटांवर काळं जेल. साधी नेलपॉलिश पुसायचे, गोल डबीतले सुगंधी वाइप्स संपवून झाले होते. त्यांनी जेलला काही होत नाही.

लग्नसराईत एक जास्तीची सूचना. जुनं जेल मेंदीच्या आधी काढा. रंगलेल्या बोटांवर अॅसिटोनचा बोळा पंधरा मिनिटं ठेवायचा आणि मेंदी फिकटली म्हणून नवरीचं तोंड बघायचं, हा अनुभव नको.

बँकेतल्या ताई फेब्रुवारीत परत आल्या. रोज रात्री तेल चोळत होत्या. खरखरीत भागाची सीमा आता नखाच्या मध्यावर दिसत होती, मागे नवं गुळगुळीत नख. भाचीच्या साखरपुड्याला लाल जेल हवं होतं. मी साधी नेलपॉलिश लावून दिली, कापसाने पुसून निघणारी, आणि जेलसाठी मेची तारीख वहीत लिहिली.