अ‍ॅडव्हान्स केअर प्लॅनिंगचे ग्रुप घ्यायला डॉक्टर-नर्सना कसं तयार करायचं

अ‍ॅडव्हान्स केअर प्लॅनिंग म्हणजे पुढे कधी आपल्याला बोलता आलं नाही तर कुठली ट्रीटमेंट हवी आणि आपल्या वतीने कोण ठरवणार, हे आधीच बोलून ठेवणं. पेशंटच्या ग्रुपमध्ये हे बोलणं घडवून आणायचं ट्रेनिंग ठरलं की सगळ्यात आधी कोणीतरी स्लाइड बनवायला बसतं. नका बनवू. माहिती या लोकांकडे भरपूर असते आणि खरी अडचण तीच आहे. "उद्या मला बोलता आलं नाही तर माझ्या वतीने कोण बोलणार?" या प्रश्नावर आठ-दहा जण गोल करून बसलेत आणि ग्रुप घेणारा व्हेंटिलेटर कसा चालतो हे पंधरा मिनिटं समजावतोय, मग लोक नुसती मान हलवतात आणि घरी जातात, झालं.

म्हणून ट्रेनिंगच्या आधी प्रत्येकाला होमवर्क द्या, वेळ आली तर आपल्या वतीने निर्णय घेणारा माणूस ठरवायचा आणि त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून यायचं. बरेच जण न करताच येतात. ओरडू नका, का नाही केलं तेच विचारा, कारण वेळ नाही मिळाला, घरचे घाबरतील, आत्ता कशाला, ही जी कारणं निघतात तीच पुढे ग्रुपमधले पेशंट देणार आहेत. "घरच्यांना माहितीये मला काय हवंय" हेही कोणीतरी म्हणतंच. तेव्हा सांगा की 2006 मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात पेशंटला कुठली ट्रीटमेंट हवी असेल याचा जवळच्या माणसांचा अंदाज साधारण 68 टक्के वेळाच बरोबर आला, म्हणजे तीनातला जवळपास एक चुकला.

आता मुख्य काम, रोल-प्ले. निम्मा वेळ तरी इथे घाला. पाच-सहा जणांना चिठ्ठ्या द्या: एक जण बोलायचं थांबतच नाही, एक नवरा बायकोच्या वतीने उत्तरं देतो, एकीला रडू येतं, एक म्हणतो सगळं देवाच्या हातात, आणि एक थेट विचारतो "मग मी किमो बंद करू का?" ग्रुप घेणाऱ्याला दहा मिनिटं, आणि बाहेर एक जण घड्याळ लावून बसेल, ग्रुप घेणारा किती वेळ स्वतःच बोलला ते मोजायला. हा आकडा ऐकून भलेभले गप्प होतात 😄

रडणाऱ्या बाईला लगेच माहिती द्यायची नाही, आधी थांबायचं, मग "हे बोलणं जड जातंय तुम्हाला" एवढंच. नवऱ्याला "तुमचं कळलं, आता त्यांच्याकडून ऐकूया". देवाचं नाव आलं तर वाद नको, त्या श्रद्धेत आजारपणात काय महत्त्वाचं वाटतं ते विचारा, बहुतेकदा तिथूनच खरं बोलणं सुरू होतं. किमोचा प्रश्न मात्र ग्रुपमध्ये सोडवायचा नाही, तो त्यांच्या डॉक्टरांशी वेगळं बसून, आणि ती भेट ठरवून देणं आपलं काम. डॉक्टरांना हे सगळ्यात अवघड जातं, उत्तर तोंडावर आलेलं असतं ना.

ग्रुप एकट्याने घ्यायला लावू नका. कोलोरॅडो विद्यापीठातल्या 'एनॅक्ट' मॉडेलमध्ये डॉक्टर आणि सोशल वर्कर जोडीने दोन तासांची दोन सत्रं घेतात, मध्ये महिन्याभराचं अंतर ठेवून. जोडीचा फायदा असा की एक बोलतो तेव्हा दुसरा चेहरे बघतो, आणि मधल्या महिन्यात लोकांना घरी बोलायला वेळ मिळतो. लोक बोलतच नसतील तर 'गो विश' नावाच्या पत्त्यांच्या खेळातले 36 पत्ते कामाला येतात, त्यांवर "वेदना नसाव्यात" असली वाक्यं असतात, महत्त्वाची निवडायची.

या इच्छा लिहून ठेवायच्या फॉर्मचे नियम जागेप्रमाणे बदलतात, तेवढ्यापुरता तिथला जाणकार बोलवा. ग्रुपमध्ये सही मात्र घेऊ नका, शेजारचा करतोय म्हणून मीपण असं होतं, आणि मत नंतर कधीही बदलता येतं हेही सांगायला लावा.

नव्या माणसाचे पहिले दोन-तीन ग्रुप अनुभवी जोडीदारासोबतच होऊ द्या. तो तयार झाला का हे बघायला भरलेले फॉर्म मोजू नका, महिन्याने लोकांना फोन करून विचारा घरी कोणाशी बोललात का. आणि निवडलेल्या माणसाचं नाव आणि नंबर पेशंटची परवानगी घेऊन त्याच दिवशी केस पेपरमध्ये चढवायची सवय ट्रेनिंगमध्येच लावा, नाहीतर रात्री इमर्जन्सीत ड्युटीवरच्या डॉक्टरला हे काहीच सापडत नाही.