मरळीचं घरटं कसं शोधायचं

प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यावर जाऊ नका. मरळ हा गोड्या पाण्यातला मासा; तिला विणीसाठी गवत लागतं, ते तिथं नसतं. आणि त्या कागदावरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मी आठवीची पोरं माजलगाव धरणाच्या फुगवट्याला नेते. सिंदफणा नदीचं पाणी चढलं की उन्हाळ्यात गाळपेर केलेली रानं बुडतात. लव्हाळा, पाणकणीस, बेशरमीची झुडपं निम्मी पाण्यात जातात. मरळ बघायची ती इथंच, गुडघ्याएवढ्या पाण्यात.

जुलै ते सप्टेंबर बरा. पण पाऊस झाल्या झाल्या गढूळ पाण्यात काही दिसत नाही. उघाड पडू द्या, दोन-चार दिवसांनी गाळ बसतो. ऊन वर आल्यावर जा आणि काठावर बसूनच बघा. पाण्यात शिरायचं नाही. गाळात पाय रुततो, शिवाय गवतात दिवड असतेच. बिनविषारी असली तरी चावते.

आधी मासा शोधू नका, गवतातली मोकळी जागा शोधा. सगळीकडे दाटी आणि मधेच हात-दीड हाताचं गोल पाणी उघडं दिसलं की थांबा. मरळीची जोडी तिथलं गवत तोडून, बाजूला सारून जागा करते. अंडी असतील तर पाण्यावर पिवळसर राजगिरा सांडल्यासारखा दिसतो. अंड्यात तेलाचा थेंब असतो, म्हणून ती तरंगतात. दाट गवतात पहाटे पाण्यातला प्राणवायू फार कमी होतो. तरंगणाऱ्या अंड्यांना वरच्या थराचा आधार मिळतो. मोठी मरळ तर तोंड वर काढून थेट हवाच घेते.

अंडी दिसणं नशिबाची गोष्ट, कारण दीड-दोन दिवसांत ती फुटतात. पिल्लं मात्र कित्येक दिवस दिसतात. लालसर-नारिंगी पिल्लांचा गच्च थवा सगळा मिळून सरकतो, आणि श्वासाला वर आला की तेवढंच पाणी चुळबुळतं. नजर तिथं ठेवा आणि थव्याच्या खाली बघा. काळपट पाठ दिसली तर ती राखण. नर असतोच, बऱ्याचदा मादीही. बेडूक जवळ आला तरी अंगावर जातात. पोरं विचारतात, “मॅडम, बाप कसा काय राखतो?” मी म्हणते, समुद्रगवतातला नळीमासा तर अंडी स्वतःच्या पोटाखाली घेऊन फिरतो, तोही नरच.

वहीत लिहायचं ते एवढंच: तारीख, पाण्याची खोली, कोणतं गवत, पिल्लांचा रंग. बोटाएवढी झाली की लाली जाते आणि थवा फुटतो. त्याच जागी आठवड्यानं परत गेलात तर हा बदल सापडतो.

आता गळवाल्यांबद्दल. लाल थवा दिसला की त्यात गळ टाकतात, कारण राखणारी मरळ हमखास झेपावते. मला हे पटत नाही. ती काढली की पिल्लं उघडी पडतात, इतर मासे आणि बगळे थवा संपवतात. शेजारच्या तेलंगणाचा हा राज्यमासा. आपण पापलेटला मान दिला, मरळीला निदान विणीपुरती सूट द्यावी. काठावर कुणी भेटलंच तर भांडू नका. “दादा, थवा फुटेस्तोवर थांबा, पुढच्या साली तुम्हालाच घावतील,” असं म्हणा. भोई मंडळींना हे सांगावं लागत नाही. हौशी गळवाल्यांनाच सांगावं लागतं. आणि घरट्याची जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका.